पडत्या बाजारात पेठेतला वाडा

घरांच्या बाजारात मंदी येते तेव्हा भाव सगळ्यात शेवटी पडतो. त्याआधी गिऱ्हाईक यायचे थांबते. दर रविवारी पार्टी घेऊन येणारा एजंट महिन्यातून एकदा फोन करू लागतो आणि "जरा दम धरा, मार्केट उठेल" म्हणतो. विकणारा मागच्या तेजीतल्या आकड्यावर ठाम असतो, घेणारा अजून उतरेल म्हणून वाट पाहतो, आणि तोवर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवले जाणारे दस्त कमी होत जातात. शेअरचा भाव घटकेघटकेला दिसतो. घराचा भाव व्यवहार झाल्याशिवाय कळतच नाही, आणि व्यवहारच होत नसले तर जुनाच भाव चालू आहे असे सगळ्यांना पुष्कळ दिवस वाटत राहते. पडत्या बाजारात घर विकायला निघालेल्या माणसाची पहिली फसगत इथे होते.

या प्रकरणासाठी पुण्याची बुधवार पेठ घेतली आहे, कारण घर विकणे अवघड करणाऱ्या बहुतेक गोष्टी इथे एकाच ठिकाणी भेटतात. अठराव्या शतकाच्या आरंभी, औरंगजेबाच्या काळात वसलेली ही पेठ तेव्हा मोहियाबाद म्हणून ओळखली जाई. पेशवाईत ती बुधवार पेठ झाली. दगडूशेठ गणपती, तांबडी जोगेश्वरी, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने, इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ हे सगळे इथले. काही गल्ल्यांत देहविक्रय चालतो आणि तिथल्या बायकांच्या वाट्याला आलेले हाल शहराने फार काळ नजरेआड ठेवले आहेत. बाहेरगावच्या खरेदीदाराला पेठेचे नाव तेवढ्यावरूनच माहीत असते. त्यामुळे मिळकत विकणाऱ्याला आपली गल्ली नेमकी कोणती, हे आधी समजावून सांगावे लागते. रस्त्याला दर्शनी असलेला दहा बाय दहाचा गाळा आणि त्याच वाड्याच्या मागच्या चौकातली तेवढीच खोली यांच्या भावांत काही पटींचा फरक असू शकतो.

पेठेत जागेचा भाव कधी पडत नाही, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. इतिहास तसे म्हणत नाही. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि दरबार, फौज व सरदारांचा खर्च यांवर पोसलेले शहर एकाएकी पोरके झाले. १८९७ साली प्लेगच्या भीतीने लोकांनी गाव सोडले, वाड्यांना कुलपे लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती पेठांबाहेर उभ्या राहिल्या. पेठ दर वेळी सावरली, पण दर वेळी वेगळ्या वापरामुळे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा झाला. राहत्या घरांच्या ओट्यांवर दुकाने आली, माजघरांची गोदामे झाली. जुन्या वापराला जो भाव होता तो परत आला नाही. नव्या वापराने नवा भाव आणला. आज वाडा विकणाऱ्यालाही हेच पाहावे लागते, की आपल्या जागेचा पुढचा वापर कोणता आणि तो करणारा माणूस कोण.

हे फक्त पुण्यात घडते असे नाही. ॲमस्टरडॅम शहरात हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे. त्याच्या काठची घरे शतकानुशतके श्रीमंतांची राहिली. पीट आइखहोल्ट्झ या अभ्यासकाने तिथल्या १६२८ ते १९७३ या काळातल्या व्यवहारांची नोंद लावली. महागाई वजा केल्यावर साडेतीनशे वर्षांत तिथल्या घरांचे मोल जेमतेम दुप्पट झाले होते, आणि मधल्या काळात ते अनेकदा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले होते. शहरातली सगळ्यात चांगली जागा असूनही हे घडले.

आता पेठेतल्या वाड्याचा भाव ठरतो कसा, हे नीट पाहू. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण तो ठाऊक नसल्याने माझ्या पाहण्यातली अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे अडकून पडली आहेत.

वाड्याला गिऱ्हाईके साधारण तीन: पाडून नवी इमारत बांधणारा बिल्डर, शेजारचा दुकानदार, आणि वाड्यातला भाडेकरू. राहायला म्हणून वाडा घेणारे कुटुंब जवळजवळ उरलेले नाही, कारण जुन्या, भारवाहक भिंतींच्या आणि लाकडी माळ्याच्या बांधकामावर बँक सहजासहजी गृहकर्ज देत नाही. तेजीत सगळ्यांत मोठी बोली बिल्डरची असते आणि तोच आकडा पेठेत पसरतो. पण बिल्डर वाड्याची किंमत वाड्याकडे पाहून काढत नाही, तो उलटीकडून येतो. समजा, नव्या इमारतीतले फ्लॅट आणि गाळे विकून त्याला १० कोटी रुपये मिळणार आहेत. बांधकामाला साडेचार कोटी. परवानग्या, व्याज आणि भाडेकरूंची तात्पुरती सोय यांना दीड कोटी. जोखीम घेण्याबद्दल त्याला हवा असलेला नफा दीड कोटी. उरले अडीच कोटी, तो वाड्याचा भाव.

आता फ्लॅटचे दर १० टक्क्यांनी उतरले. दहाचे नऊ कोटी झाले. सिमेंट, सळई, मजुरी काही तेवढी उतरत नाही. व्याज तर विक्री रेंगाळल्याने वाढतेच. बाकीचे आकडे तेच धरले तरी उरतात दीड कोटी. फ्लॅट १० टक्के उतरले आणि वाडा ४० टक्के उतरला. वर्तमानपत्रात "घरांच्या किमतीत किरकोळ घट" असे वाचून वाड्याचा मालक आपल्या आकड्यातून पाच-दहा टक्के कमी करतो आणि मोठा त्याग केला असे त्याला मनापासून वाटते. समोरच्याच्या हिशेबात मात्र तो आकडा अजून कुठल्या कुठे असतो. दोघेही खोटे बोलत नसतात, दोघांची वजाबाकी वेगळी असते. हाच हिशेब तेजीत उलटा चालतो: फ्लॅट १० टक्के चढले की वाडा ४० टक्के चढतो. पेठेतल्या त्या दंतकथा बनलेल्या सौद्यांचा उगम तिथे आहे.

फ्लॅटचे दर हलतात त्यामागे व्याजाच्या दराचा मोठा हात असतो. ५० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जाला ८ टक्क्यांनी दरमहा सुमारे ४१,८०० रुपये हप्ता पडतो. व्याज साडेनऊ टक्के झाले तर तेवढ्याच हप्त्यात कर्ज मिळते जेमतेम ४५ लाखांचे. गिऱ्हाइकाचा पगार तोच, पण त्याची ऐपत दहा टक्क्यांनी घटली. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. उलट बाजूने, २००८ च्या जागतिक घसरणीनंतर तो ९ वरून एप्रिल २००९ पर्यंत पावणेपाच टक्क्यांवर आणला होता. वाडा विकायला काढण्याआधी मालकाने या दराची दिशा पाहावी. ती एजंटच्या अंदाजापेक्षा जास्त सांगते.

बिल्डर मागे हटला की उरतात दुकानदार आणि भाडेकरू. मंदीत खरे व्यवहार बहुधा यांच्याशी होतात, आणि मालक मात्र यांनाच गिऱ्हाईक मानायला तयार नसतो. त्याची कारणे जुनी आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. पुढे पन्नास वर्षे महागाई वाढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवलेली भाडी आता वाजवी राहिली नसल्याचे म्हटले. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीला कायद्याची मान्यता दिली. पण १९४० च्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे किती! चौकातल्या खोलीचे भाडे मिळकतकरालाही पुरत नाही, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही, आणि गळक्या छपराखाली भाडेकरू कुढत राहतो. दोन्ही घरांत दोन-तीन पिढ्यांची कटुता साठलेली असते. मालक बदलला तरी भाडेकरूचा हक्क जागेसोबतच राहतो, म्हणून भाडेकरूसह वाडा घेणारा प्रत्येकजण त्या हक्काची किंमत आधीच वजा करून बोली लावतो. आपली खोली किंवा आपला गाळा विकत घेणाऱ्या भाडेकरूला ती वजाबाकी करावी लागत नाही. शेजारच्या दुकानदाराला भिंत पाडून दुकान वाढवायचे असते. त्याच्या दृष्टीने ती जागा शहरात एकच असते. तेव्हा मोठ्या बोलीची वाट पाहण्याआधी खालच्या मजल्यावरच्या माणसांशी एकदा शांतपणे बसून बोलावे. ही बैठक अवघड जाते, हे मान्य आहे. तरीही ती व्हायला हवी.

जागेवरचे हक्क व्यवहाराला किती अडवू शकतात, याचे पेठेतले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे भिडेवाडा. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा जिथे सुरू केली तो हा वाडा, दगडूशेठ गणपतीसमोरचा. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावे यावर सगळ्यांचे एकमत होते, घेणारी महापालिका होती, पैशाची अडचण नव्हती. तरी तिथले दुकानदार व ताबेदार आणि महापालिका यांच्यातला वाद दहा वर्षांहून अधिक काळ न्यायालयात राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाचा आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला, मग डिसेंबरच्या आरंभी महापालिकेने ताबा घेऊन मोडकळीला आलेले बांधकाम उतरवले. सरकारी खरेदीची ही गत, तर खासगी खरेदीदार वादाची कुणकुण लागताच दुसरीकडे का वळतो, ते उघड आहे. मंदीत त्याच्यापुढे विकायला काढलेल्या दहा मिळकती असतात.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की पडत्या बाजारात मालकाच्या हाती असलेली सगळ्यांत मोठी ताकद भाव कमी करण्यात नसून कागद पुरे करण्यात आहे. तेजीत खरेदीदार अपुऱ्या कागदांवरही इसार देतो, कारण थांबला तर जागा हातची जाईल ही भीती त्याला असते. मंदीत ती भीती संपते. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचे नाव, वारस नोंद झालेली नाही, एक काका नागपूरला, त्यांचा मुलगा अमेरिकेत, दोन आत्यांना कुणी विचारलेलेच नाही, ही पेठेतली नेहमीची स्थिती. आत्यांचे नाव वगळून पुढे जाण्याचा काळ गेला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, देशाने २००५ मध्ये, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने २००५ आधी वडील वारले असले तरी मुलीचा तो हक्क मान्य केला. हक्कसोडपत्र घ्यायचे असेल तर ते समजून-उमजून, नोंदणी करून घ्यावे. वाटा द्यायचा असेल तर विक्रीआधी आकडा ठरवावा. परदेशातल्या वारसाचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला वेळ लागतो. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू, मिळकतकराची थकबाकी नसल्याचा पुरावा, भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचा कागद, एवढे एका फायलीत असेल तर मंदीतही तो वाडा उठून दिसतो. शनिवारवाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. त्यापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. आपली मिळकत त्या अंतरात आहे की नाही, याची मोजणी मालकाने स्वतः करून ठेवावी. खरेदीदाराने ती बाब शोधून काढली तर शंका बाकीच्या कागदांवरही पसरते.

भाव किती सांगावा? डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी १९९० च्या दशकातल्या बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे किमती चांगल्याच कोसळल्या होत्या. ज्यांना खरेदीपेक्षा कमी दराने विकावे लागणार होते त्यांनी इतरांपेक्षा चढा भाव सांगितला, त्यांना शेवटी थोडा जास्त भाव मिळालाही, पण त्यांची घरे फार काळ पडून राहिली. तोटा सोसणे माणसाला तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा जड जाते, हे कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले होते. बाजारात ते असे दिसते. पेठेत वाडा वारशाने आलेला असतो, खरेदीची किंमत कुणाच्या लक्षातही नसते. तिथे मनात रुतून बसते ती शेजारच्या वाड्याला तेजीत मिळालेली, बहुधा फुगवून सांगितलेली रक्कम. त्यापेक्षा कमी घेतले तर आपण हरलो, असे सगळ्या भावंडांना वाटते, आणि ते एकमेकांना तसे वाटायला लावतात.

थांबण्याचा खर्च कागदावर मांडला की हे ओझे थोडे हलके होते. मागणी १ कोटी २० लाखांची आहे आणि बोली १ कोटी ५ लाखांची. दोन वर्षांनी पूर्ण १ कोटी २० लाख मिळतील, असे धरू. १ कोटी ५ लाख रुपये दोन वर्षे ७ टक्क्यांनी ठेवले तर १ कोटी २० लाखच होतात. व्याजावर कर लागेल हे खरे. पण दोन वर्षांचा मिळकतकर, पावसाळ्याआधीची डागडुजी, धोकादायक वाडा म्हणून महापालिकेची नोटीस येण्याची शक्यता, आणि बोली ९५ लाखांवर येण्याचा धोका, हे पारड्याच्या दुसऱ्या बाजूला आहेत. ज्याला हे घर विकून लगेच दुसरे मोठे घर घ्यायचे आहे त्याला तर मंदी अनेकदा सोयीची पडते. १ कोटीचे घर ८५ लाखांना गेले आणि दीड कोटीचे घर त्याच प्रमाणात सव्वा कोटीच्या आसपास आले, तर वरून घालायचे ५० लाख साडेबेचाळीस लाखांवर येतात. वाडा विकून उरलेले आयुष्य त्या रकमेवर काढणाऱ्या वृद्ध जोडप्याला मात्र हा दिलासा नाही, आणि वाड्याचा भाव फ्लॅटपेक्षा जास्त कोसळतो हे त्यांच्या सल्लागारांनी विसरू नये.

पडत्या बाजारात एक अडचण सरकारी दरामुळे येते. मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा रेडी रेकनरचे मूल्य, यांपैकी जे जास्त त्यावर भरावे लागते, आणि रेकनर बाजारामागोमाग खाली येत नाही. बाजार थंड असतानाही, सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात तो सरासरी १.७४ टक्क्यांनी वाढवला होता. सवलत मिळाली ती शुल्काच्या दरात, तीही मार्च २०२१ अखेरपर्यंत. समजा रेकनरचे मूल्य १ कोटी आणि सौदा ८५ लाखांचा. प्राप्तिकर कायदा विकणाऱ्याला १ कोटी मिळाले असेच धरतो, आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात तो १५ लाखांचा फरक मिळवला जातो. १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे १ कोटीच्या रेकनरला सौदा साधारण ९१ लाखांच्या वर राहिला तर हा फटका बसत नाही. खाली जावे लागणारच असेल तर मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते, आणि मुद्रांकासाठी नोंदणीआधी अभिनिर्णय मागता येतो. भाडेकरूव्याप्त मिळकतीच्या मूल्यांकनाची रीत वेगळी आहे. रिकाम्या जागेच्या दराने हिशेब लावून घेऊ नये. फरक रोखीत फिरवण्याचा सल्ला देणारे भेटतील. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, हे त्यांना सांगावे.

भांडवली नफ्याचा विचार तर सौद्याच्या बऱ्याच आधी करावा. पणजोबांनी वाडा केवढ्याला घेतला ते शोधण्याची गरज नसते. १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, फक्त ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याहून जास्त नसावे. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या मिळकतीवर निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत: महागाई न धरता साडेबारा टक्के, किंवा महागाई धरून २० टक्के. २००१ चे मूल्य २५ लाख आणि विक्री २०२५-२६ मध्ये १ कोटीला झाली असे समजू. पहिल्या पर्यायाने ७५ लाखांवर ९ लाख ३७ हजारांच्या आसपास कर येतो. दुसऱ्यात त्या वर्षाचा निर्देशांक ३७६ असल्याने खर्च ९४ लाख धरला जातो, नफा ६ लाख आणि कर १ लाख २० हजार. मंदीत विकणाऱ्याला हा दुसरा पर्याय फार उपयोगी पडतो, आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा २००१ चा अहवाल सौद्याआधी तयार हवा.

शेवटी इसार. चढत्या बाजारात इसार घेऊन मागे फिरण्याचा मोह मालकाला होतो. उतरत्या बाजारात तो खरेदीदाराला होतो. खरेदीखतापर्यंतच्या चार-सहा महिन्यांत भाव आणखी उतरला तर नाममात्र इसार सोडून देणे त्याला परवडते, आणि मालकाचा वाडा तेवढे महिने बाजाराबाहेर राहिलेला असतो. म्हणून इसार पावतीवर न थांबता साठेखत नोंदवावे आणि इसाराची रक्कम भरीव घ्यावी. किती तारखेपर्यंत किती पैसे, कर्ज मंजूर झाले नाही तर काय, खरेदीदार फिरला तर इसारातले किती जप्त, जाहीर नोटिशीवर हरकत आली तर ती कुणी किती दिवसांत निवारायची, हे सगळे त्यात लिहावे. सौदा ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्यास खरेदीदार १ टक्का कर कापून भरणार. त्याचे प्रमाणपत्र कधी देणार तेही लिहून घ्यावे. आणि पूर्ण रक्कम खात्यावर जमा होईपर्यंत ताबा देऊ नये, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.